आमच्या खेळात चेंडू नाही

जिल्हा पातळीवरच्या उपांत्य सामन्याची शेवटची चाळीस सेकंदं उरली होती. आमच्या मुलीनं खांबाकडे सूर मारला आणि त्याच क्षणी मला पर्सनल लोन मंजूर झालं. ही आनंदवार्ता द्यायला एका बाईंचा फोन आला, मोबाइलवरचं चित्रीकरण थांबलं आणि पुढचं जे काही घडलं ते कुठेच नोंदलं गेलं नाही. मीही ते पाहिलं नाही. मी तेव्हा मान खाली घालून बाईंना ‘नको, नको’ म्हणत होतो, आणि आजूबाजूच्या पालकांना वाटलं, मी पंचांनाच म्हणतोय.

सामना गेला. संध्याकाळी खो-खोचे सर आले. ‘‘काका, तो शेवटचा सूर आला का तुमच्याकडं? पंचांनी फाउल दिला. पोरीचा पाय खरंच मधल्या पट्टीला लागला का, ते बघायचंय.’’

मी फोन पुढे केला. सूर जिथं सुरू होतो तिथं व्हिडिओ संपत होता. सर काहीच बोलले नाहीत. खो-खोचे सर बोलले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, कारण एरवी ते मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला लाउडस्पीकरशिवाय ऐकू जातात.

त्याच रात्री ठरलं. सामन्यांसाठी वेगळा कॅमेरा घ्यायचा. ज्यात सिमकार्ड जात नाही असा.

‘‘हँडीकॅम घेऊ या,’’ मी घरात जाहीर केलं. आमच्या पिढीला हा शब्द झेरॉक्ससारखा आहे. खरं तर ते सोनीनं 1985 साली आपल्या कॅमकॉर्डरला दिलेलं नाव. पण आमच्या वाड्यात दुबईहून पहिला हँडीकॅम आला तेव्हा कंपनी कोणती, हे विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं. तो आणणारे काका सगळ्यांचं चित्रीकरण करायचे. माझी आजी कॅमेरा दिसला की पदर सारखा करून, श्वास रोखून, फोटोला बसल्यासारखी बसायची. काका ओरडायचे, ‘‘काकू, हला! हला! व्हिडिओ आहे हा!’’ त्या कॅसेटमध्ये आजी तीन मिनिटं निश्चल आहे आणि मागं तारेवर वाळत घातलेला परकर तेवढा हलतोय.

आमच्या मुलीच्या बाबतीत अडचण बरोबर उलटी आहे. ती थांबतच नाही.

खो-खो न खेळलेल्या माणसाला वाटतं, पळापळीचा खेळ, कॅमेरा फिरवला की झालं. तो माणूस क्रिकेट बघून बिघडलेला असतो. क्रिकेटचा कॅमेरावाला हा जगातला सर्वांत सुखी प्राणी. गोलंदाज वीस पावलं पळत येतो तेवढ्यात त्याचा अर्धा चहा पिऊन होतो. कबड्डीतसुद्धा चढाई करणारा एकच असतो, निदान नजर कुणावर ठेवायची ते ठाऊक असतं. खो-खोत दोन खांबांमधल्या पट्टीवर आठ जणी आपापल्या चौकोनात बसलेल्या, एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. नववी पळतीच्या मागं. ती एका बाजूनं सुसाट निघालेली असते, तुम्ही कॅमेरा तिच्यामागं वळवलेला असतो, आणि ती मधेच एकीच्या पाठीवर थाप मारून म्हणते, ‘खो!’ ती तिच्या जागी बसते, दुसरी उठते आणि पलीकडच्या बाजूनं पळत सुटते. तुमच्या पडद्यावर नुकतीच बसलेली, धापा टाकणारी मुलगी आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी. खेळ दहा फूट पलीकडे चालू. तुम्ही तिकडे वळता तोवर तिनं तिसरीला उठवलेलं असतं.

मोठ्या गटाचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 साली या खेळाचे नियम बांधले तेव्हा त्यात चित्रीकरणाचा काहीही विचार केलेला दिसत नाही. 2025च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. घरात सगळे टाळ्या वाजवत होते. मी कॅमेरे मोजत होतो.

मेहुणा कॅलिफोर्नियात असतो. त्याचा मुलगा सॉकर खेळतो. (मेहुणा सदाशिव पेठेत वाढला, तिथं फुटबॉल म्हणायचा.) त्याच्याकडे या विषयावर उत्तर तयार होतं. ‘‘दाजी, आता कॅमेरा हातात धरतच नाहीत. उंच काठीवर लावून द्यायचा. त्याला दोन भिंगं असतात, तो सगळं मैदान टिपतो आणि चेंडू जाईल तिकडं आपोआप वळतो. आपण खुर्चीत बसून कॉफी प्यायची.’’

‘‘आमच्या खेळात चेंडू नाही,’’ मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता. बहुधा तो शाळेतलं मैदान आठवत असावा.

‘‘मग तो बघेल कुणाकडं?’’

‘‘तेच तर मला कळत नाहीये,’’ मी म्हणालो. ‘‘कॅमेऱ्याला कुठून कळणार?’’

शनिवारी बुधवार पेठेत गेलो. तापकीर गल्लीत आणि आसपासच्या बोळांत विजेवर चालणारं जे जे म्हणून असतं ते मिळतं, हा आमचा लहानपणापासूनचा विश्वास. दुकानदारानं ‘कॅमकॉर्डर’ हा शब्द ऐकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्टोव्हच्या पिना मागितल्या. ‘‘साहेब, तो आता कोण घेतंय? लग्नवाल्यांकडंसुद्धा मिररलेस असतो.’’ तरी त्यानं वरच्या फळीवरून एक खोकं काढून फुंकर मारली. धूळ माझ्या चष्म्यावर आली, म्हणून खोक्यावरचा आकडा आधी मला नीट दिसलाच नाही. चष्मा पुसल्यावर दिसला. भलामोठा, सोनेरी. दोनशेपट झूम!

तिथं मी फसलो असतो. वाचवलं ते खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या ओळीनं: ऑप्टिकल झूम वीसपट. यातला फरक मी अभ्यास करून आलो होतो, त्यामुळे लगेच दुकानदाराला ऐकवला. ऑप्टिकल झूममध्ये आतली भिंगं खरोखर पुढं-मागं सरकतात, लांबचं खरोखर जवळ येतं. डिजिटल झूममध्ये काहीच जवळ येत नाही. आलेलं चित्रच ताणून मोठं करतात. पापडाची लाटी एकच, लाटत राहिलं की पापड मोठा होतो, पण एका मर्यादेनंतर त्यातून पोळपाट दिसायला लागतं. दोनशेपट झूममध्ये मुलीचा चेहरा म्हणजे सात-आठ चौकोन, त्यातला एक काळा, तो बहुधा डोळा.

‘‘तुम्हाला सगळं माहितीये, मग घ्या की,’’ दुकानदार म्हणाला. यात टोमणा होता की शिफारस, हे पुण्यातल्या दुकानात विचारायचं नसतं.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे मिररलेसचा, म्हणजे लेन्स वेगळी घ्यायच्या कॅमेऱ्याचा, विचारही केला. चित्र सुंदर, यात वाद नाही. पण मैदानाच्या पलीकडचं जवळून दिसेल अशी चांगली लेन्स घ्यायची तर कॅमेऱ्याहून लेन्स महाग. नाकापेक्षा मोती जड ही म्हण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नक्की अशी लेन्स असणार. शिवाय या जातीच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत 29 मिनिटं 59 सेकंदांनी चित्रीकरण आपसूक बंद पडतं. मला वाटलं, यंत्र तापत असेल. कारण वेगळंच निघालं. युरोपात सलग अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिपणारं यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ धरलं जाई आणि त्यावर जादा आयातकर बसे. तो चुकवायला कंपन्यांनी एक सेकंद कापला. जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये, पण तिकडच्या नाक्यासाठी आमच्या तालुक्यातल्या शाळेच्या पटांगणावरचा सामना अर्धवट तुटावा, हे काही पटेना.

घरी आल्यावर ‘फोर के’चा विषय निघाला. तो मीच काढला.

‘‘फोर के म्हणजे मुलगी चारपट मोठी दिसणार?’’ बायकोनं विचारलं.

‘‘नाही. तेवढ्याच चित्रात चारपट ठिपके.’’

‘‘म्हणजे गुडघ्यावरचं खरचटलेलं चारपट दिसणार. नको.’’

पण तिचा खरा आक्षेप जागेवर होता. आणि ते बरोबरच आहे. चांगल्या प्रतीचं फोर के चित्रीकरण सेकंदाला शंभर मेगाबिटनं कार्ड भरतं. तासाला 45 जीबी. एका स्पर्धेत दिवसाला चार सामने. आमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आधीच तिच्या भावाच्या मुंजीचे सहाशे फोटो आहेत. त्यातले पाचशे ऐंशी जेवणाच्या पंगतीचे, आणि त्यातला एकही काढायला ती तयार नाही.

मग असं कळलं की आपल्याला ठिपक्यांपेक्षा चित्रं जास्त हवीत. सेकंदाला पंचवीस चित्रांच्या फोर केपेक्षा सेकंदाला पन्नास चित्रांचं साधं फुल एचडी खो-खोला सरस. सूर मारणारी मुलगी पंचवीसच्या हिशोबात या चित्रात हवेत आणि पुढच्या चित्रात पोटावर. मधलं काही नाही. पन्नासमध्ये मधलं सापडतं. आणि सरांना मधलंच हवं होतं.

हे सगळं ज्यानं मला शिकवलं तो आमच्या भागातला लग्नाचा व्हिडिओवाला. त्याच्याकडूनच शेवटी जुना कॅमकॉर्डर घेतला. वीसपट ऑप्टिकल झूम, बॅटऱ्या दोन, चार्जर एक, आणि कार्डात राहून गेलेली कुणाची तरी हळद. किंमत इथं सांगत नाही. ती घरातही पूर्ण सांगितलेली नाही. त्यानं मात्र पैसे मोजून झाल्यावर एक गोष्ट फुकट सांगितली. ‘‘काका, लग्न आणि तुमचा तो खेळ सारखाच. पळणाऱ्याच्या मागं जायचं नाही. पुढं कोण उठणार ते हेरून तिथं आधी थांबायचं. पाठवणीला मी नवरीकडं बघतच नाही. वडलांच्या रुमालाकडं बघतो. हात खिशात गेला की झूम.’’

मी आजवर या विषयावर जेवढं वाचलं, त्यात याहून शहाणं वाक्य नाही.

पहिला प्रयोग रात्रीच्या स्पर्धेत झाला. आपल्याकडे पत्रिकेवर ‘विद्युत प्रकाशझोतात’ असं मोठ्या अभिमानानं छापतात. तो प्रकाशझोत कॅमेऱ्याला अजिबात मानवत नाही. पळत्या मुलींचे हातपाय धूसर येऊ नयेत म्हणून मी शटरचा वेग पाचशेवर नेऊन ठेवला होता, म्हणजे एकेक चित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपायचं. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. घरी येऊन पाहिलं तर सगळा सामना झुंबरात विजेचा बिघाड असल्यासारखा उघडझाप करत होता आणि काळ्या पट्ट्या वरून खाली सरकत होत्या. शटर शंभरावर आणलं की पट्ट्या गेल्या. पाय पुन्हा धूसर झाले. रात्री पट्ट्या किंवा पाय, दोहोंपैकी एक निवडायचं. सरांनी पाय निवडले.

दुसरा घोळ फोकसचा. कॅमेरा बिचारा सज्जन. जे स्थिर उभं आहे, उठून दिसतंय, त्यावर त्याचा विश्वास. खो-खोच्या मैदानात असं एकच आहे: खांब. साडेआठ मिनिटं खांब इतका सुरेख दिसतो की लाकडाच्या रेषा मोजाव्यात, आणि त्याच्या मागं काही रंगीत धूर इकडून तिकडे जातोय. तो धूर म्हणजे आमचा संघ. फोकस हातानं एकदा लावून कुलूप घालायचं, हे मला तिसऱ्या स्पर्धेत समजलं.

पण खरी फजिती चित्रानं केली नाही. आवाजानं केली.

एका रविवारी दिवसाउजेडी चांगला सामना मिळाला. ऊन पाठीशी, शटर पाचशेवर, फोकसला कुलूप. सरांनी सोमवारी शाळेत मोठ्या टीव्हीवर सगळ्या मुलींना आणि हौशी पालकांना बोलावलं. चित्र खरंच छान आलं होतं. मुली खूश. आणि मग कॅमेऱ्याच्या पोटातून, माइकला सर्वांत जवळ असलेल्या माणसाचा आवाज आला.

‘‘उठ! अगं उठ! काय झोपलीये का ही?’’

जिच्याबद्दल हे होतं तिची आई माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. सामन्याच्या दिवशी त्याच बाईंनी मला डब्यातला शिरा दिला होता. पुढं मी पंचांच्या चष्म्याबद्दल बोललो होतो. त्याच्या पुढं सरांनी पळतीला पाठवलेल्या पहिल्या तुकडीबद्दल माझं मत होतं, तेही सविस्तर. मधे दोन मिनिटं मी कुणाला तरी गुडघेदुखीवर लेप सांगत होतो. संपूर्ण वेळ मैदानातला ‘खो’ माशी गुणगुणावी तेवढा आणि माझा आवाज आकाशवाणीसारखा.

आमच्या मुलीनं घरी आल्यावर फक्त एवढंच विचारलं, ‘‘बाबा, याला आवाज बंद करायचं बटण नसतं का?’’

बटण नव्हतं. व्हिडिओवाल्यानं उपाय दिला: माइकच्या भोकात वायर कापलेली नुसती पिन खुपसायची. कॅमेऱ्याला वाटतं, बाहेरचा माइक जोडलाय. तो स्वतःचे कान मिटतो आणि पिनेतून काहीच येत नाही. दहा रुपयांत संपूर्ण शांतता. मी खूश, मुलगी खूश. सर नाराज. ‘‘काका, आवाजाशिवाय मला कसं कळणार, खो आधी दिला की पोरगी आधी उठली? निम्मे फाउल तिथंच असतात.’’

म्हणजे मैदानाचा आवाज हवा, माझा नको. एवढं निवडून ऐकणारा माइक मला अजून कुठल्या दुकानात दिसलेला नाही. उरला एकच मार्ग, कॅमेऱ्यानं एका जागी आणि मी दुसऱ्या जागी उभं राहणं.

सरांनी जागा दाखवली. बाजूला मधोमध उभं राहायचं नाहीच. तिथं कॅमेरा पंख्यासारखा फिरवावा लागतो आणि समोरून पाणी देणारा मुलगा सतत जातो. खांबाच्या मागं, जरा कोपऱ्याकडे, आणि उंचावर. तिथून सगळं मैदान एका चौकटीत मावतं. उंचीसाठी तिपाई पुरेना, तेव्हा रंगाऱ्याकडून त्याचा घोडा मागून आणला. आयुष्यात दुसऱ्यांदा घोड्यावर चढलो. पहिल्या वेळेसारखंच याही वेळी खाली उभे असलेले लोक हसत होते आणि पुढं काय होणार याची मला कल्पना नव्हती.

घोड्याच्या माथ्यावर कॅमेरा पक्का बांधला, बटण दाबलं, खाली उतरलो आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन मनसोक्त ओरडलो. कॅमेरा कुणी हलवला नाही, कुणाच्या मागं गेला नाही. नऊच्या नऊ मिनिटं, आठ बसलेल्या, एक धावणारी, तीन पळतीच्या, दोन्ही खांब, आणि प्रत्येक ‘खो’ वेगळा, स्वच्छ. सरांनी ते तीनदा पाहिलं. त्यात आमच्या मुलीचा पाय मधल्या पट्टीला लागताना स्पष्ट दिसतो. सवय आहे तिला. पंच तेव्हाही बरोबरच होते.

तेव्हा कुणी सामन्यांसाठी कॅमकॉर्डर घेत असेल तर खोक्यावरचा सोनेरी आकडा वाचू नका. बारीक अक्षरात भिंगाचे मिलिमीटर लिहिलेले असतात, त्यातला पहिला, लहान आकडा बघा. 35 मिलिमीटर फिल्मच्या हिशोबानं तो तीसच्या आत असेल तर चौकट रुंद येते. मैदान मावलं पाहिजे. नाक-डोळे आपल्याला घरी रोज दिसतात. आणि कॅमेरा घ्यायच्या आधी घोडा कुणाकडे मिळतो त्याची चौकशी करा.

ज्या वीसपट झूमसाठी मी दोन महिने झोपेत आकडे पुटपुटत होतो, ते मी सामन्यात वापरत नाही. नाही म्हणायला मध्यंतरात एकदा वापरतो. मैदानाच्या पलीकडच्या फाटकाशी वडापावची गाडी असते. घोड्यावर चढून झूम पूर्ण दाबलं की कढईतून नवा घाणा निघाला की नाही, ते इथून लख्ख दिसतं.